पाण्यात विरघळलेल्या साखरेचे ‘निर्जलीकरण’?

प्रश्न : सेल्युलोजपासून द्रव इंधन करण्याविषयीच्या मजकुरात ‘ग्लुकोजच्या द्रावणाचे निर्जलीकरण करतात’ असे वाक्य आहे. म्हणजे द्रावण आटवतात का? जुलाबात होते तेच का हे निर्जलीकरण?

– वाक्य चुकले आहे. निर्जलीकरण द्रावणाचे नव्हे, ग्लुकोजचे. आटवताना किंवा वाळवताना मोकळे पाणी जाते, पदार्थ तोच राहतो. साखर कारखान्यात गाळपानंतरच्या चिपाडात जवळपास निम्मे पाणी असते. ते १०५ अंशांवर वाळवले तरी उरते ते चिपाडच. याला ‘शुष्कन’ म्हणावे, किंवा सरळ ‘वाळवणे’. रसायनातल्या निर्जलीकरणात रेणूतलेच हायड्रोजन-ऑक्सिजन पाणी होऊन सुटतात आणि पदार्थ बदलतो. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ५४ ग्रॅम पाणी गेले की १२६ ग्रॅम हायड्रॉक्सीमिथिलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ, हा इंधनाच्या वाटेवरचा मधला पदार्थ उरतो (हा हिशोब कागदावरचा, प्रत्यक्षात हाती कमीच येते). साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतल्यावर काळा कोळसा फुगून वर येतो, तेही निर्जलीकरणच. भोवती पाणी असले म्हणून अडत नाही.

– अडत नाही, पण नडते. आम्लयुक्त पाण्यात राहिलेले एचएमएफ पाण्याचे दोन रेणू परत घेते आणि फुटून लेव्ह्युलिनिक व फॉर्मिक आम्ल होते. शिवाय साखर आणि एचएमएफ एकमेकांत गुंतून काळे, न विरघळणारे ह्यूमिन तयार होते आणि दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखे भांड्याला धरते. (मातीतला ‘ह्यूमस’ वेगळा, भाषांतरात दोन्ही ‘कुजट द्रव्य’ करून टाकू नयेत.) म्हणून एचएमएफ तयार होताच बाहेर ओढावे लागते. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने २००७ मध्ये हेच केले : खाली फ्रुक्टोज (ग्लुकोजपासून करता येणारी दुसरी साखर), हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ घातलेले पाणी, वर ब्युटेनॉलचा थर. मिठामुळे एचएमएफ वरच्या थरात जास्त जाते. पुढे हायड्रोजन देऊन त्याचे डायमिथिलफ्युरान करतात, हेच ते द्रव इंधन. ते पाण्यात जवळजवळ मिसळत नाही आणि लिटरमागे इथेनॉलपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त ऊर्जा देते.

प्रश्न : तिथेच ‘उत्प्रेरकाला विषबाधा’ असेही आहे. उत्प्रेरक, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, तर खर्च होत नाही ना?

– खर्च होत नाही, निकामी होतो. वरच्या थराबरोबर आम्ल-मिठातले थोडे क्लोराइड जाते आणि हायड्रोजन देण्याच्या टप्प्यातल्या तांबे-क्रोमियमच्या उत्प्रेरकाच्या कामाच्या जागा अडवून बसते. म्हणून कार्बनवर बसवलेले तांबे-रुथेनियम वापरले, ते क्लोराइड बरेच सोसते. ‘विषबाधा’ रूढ आहे, तो ठेवा. ह्यूमिन साचून छिद्रे बुजली तर मात्र ‘विषबाधा’ नको, ‘बुजणे’ म्हणा. उपायही वेगळा : साचलेले बेताने जाळून काढता येते, पण आधार कार्बनचा असेल तर तोही जळतो.

प्रश्न : आणि ‘जलापघटन’?

– निर्जलीकरणाच्या नेमके उलटे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. त्या साखळीचा प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत येतो. म्हणून १६२ किलो सेल्युलोजचे १८० किलो ग्लुकोज. ‘अपघटन’ शब्दामुळे वजन घटेल असे वाटते, ते वाढते.

– दुरुस्त वाक्य असे चालेल : ‘सेल्युलोजचे जलापघटन करून ग्लुकोज मिळवतात, त्याचे फ्रुक्टोज करतात आणि मग आम्ल उत्प्रेरकाने फ्रुक्टोजचे निर्जलीकरण करतात.’ फ्रुक्टोजचा टप्पा गाळू नका, ग्लुकोजचे थेट एचएमएफ फार कमी मिळते.