ग्राफविझमध्ये नद्यांची आकृती, अक्षरांऐवजी चौकोन

मी सांगलीत डीटीपी करतो. मुलीच्या प्रकल्पासाठी कृष्णा खोऱ्याची आकृती हवी होती. माऊसने बाण ओढून हात दुखले, म्हणून ग्राफविझ घेतलं, म्हणजे लिहिलेल्या ओळींवरून आकृती काढणारं सॉफ्टवेअर. चार ओळी लिहिल्या: महाबळेश्वर ते कराड दोनदा, एकदा कृष्णा, एकदा कोयना, मग कराड ते सांगली, सांगली ते नृसिंहवाडी. टर्मिनलवर डॉट ही ग्राफविझची आकृती काढायची कमांड दिली, बाण झकास आले, पण बाणांवरच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. पोरगी म्हणते, "बाबा, ही तर फरशी!"

उत्तर, मिरजेहून:
दादा, फॉन्ट सांगितलात का? नोड (म्हणजे गावं) आणि एज (म्हणजे बाण) दोन्हीला फॉन्टनेम, म्हणजे फॉन्टचं नाव द्या, नोटो सान्स देवनागरी चालतो. नुसत्या नोडला दिलात तर बाणावरची नावं तशीच राहतील. माझा अर्धा दिवस त्यातच गेलाय. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोडमध्ये सेव्ह करा. डीटीपीवाल्यांना युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टची सवय असते, ते इथं चालणार नाही.

उत्तर, कराडहून:
आधी आकृती एसव्हीजी फाइल म्हणून काढून ब्राउझरात बघा. पीएनजी चित्रच हवं तर कैरो रेंडरर (चित्र रंगवणारा भाग) वापरायला सांगा, नाहीतर वेलांटी भलतीकडं जाते. आणि वारणा कुठाय? हरिपूरला मिळते की ती! सांगलीकराने वारणा विसरावी म्हणजे कमाल.

विचारणारा:
एजचा फॉन्टच राहिला होता. आता 'कृष्णा' नीट उमटलं. वारणा घातली, एकच ओळ वाढली, बाकी बाण आपोआप सरकले. दोन शब्दांच्या नावाला मात्र अवतरणचिन्ह लागतं, नाहीतर गोंधळ होतो.