सुखी आहोत की नाही, हे सरकारी आकड्यांतून कळतं का?

सुदामानगरवाली
2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, 2020 च्या केंद्र सरकारच्या ईज ऑफ लिव्हिंगच्या, म्हणजे राहायला कोणतं शहर किती चांगलं याच्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत आपण नववे होतो, आणि 2024 च्या जागतिक हॅपिनेस रिपोर्टमध्ये भारत 143 देशांत 126 वा. मग आपण बरे आहोत की नाही? मला तरी वाटतं आपल्याकडे घराची मोजदाद होते, घरातल्या माणसाची नाही. नीती आयोगाची बहुआयामी गरिबी घ्या, बारा गोष्टी बघतात, पोषण, शाळा, संडास, वीज, बँक खातं वगैरे. घरात खातं असलं की झालं, त्यात पैसे आहेत का कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू, ऐंशीच्या पुढच्या, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, पक्कं घर, गॅस, नळ, पेन्शन, सगळं आहे, पण दिवसभरात दूधवाल्याशी काय बोलणं होईल तेवढंच. त्यांचं काय चाललंय हे कुठल्या रकान्यात येणार? एकटेपणा, समाधान, हे राष्ट्रीय सर्वेक्षणात सरळ विचारायला हवं.

महूकर
काकूंचं वाईट वाटतं ताई, पण मुद्दा पटला नाही. एसआरएसचा, म्हणजे सरकारच्या जन्म-मृत्यूच्या नमुना पाहणीचा 2020 चा आकडा बघा, मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे 43 बाळं वर्षाच्या आत गेली, देशात सगळ्यात जास्त, देशाची सरासरी 28. तिथे समाधान काय विचारत बसायचं? आणि विचारलं तरी आपली माणसं काय सांगणार, देवाच्या कृपेने बरं चाललंय. गरीब अलीराजपूर जिल्ह्यातली बाई पण हेच सांगेल आणि इंदूरच्या साकेतमधला बंगलेवाला पण. बाळाचं मरण मात्र अंदाजावर नसतं, ते मोजता येतं आणि त्यावरून सरकारला जाब विचारता येतो.

फिल्डवरची
मी अशा घरोघरच्या सर्वेक्षणात काम केलंय म्हणून सांगते, लोक खरं बोलतात, विचारणारा नीट हवा. एनएफएचएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवरा मारतो का हे एका घरात एकाच बाईला विचारतात आणि ती एकटी असेल तरच. आम्ही पण तसंच करायचो, सासू चहा घेऊन आली की तो कागद खाली आणि लसीकरणाचं बोलणं सुरू, ती आत गेली की पुन्हा हळूच तिथूनच पुढे. बायका सांगायच्या हो, कधीकधी आम्ही पहिलेच असायचो ऐकणारे.

महूकर
बरोबर, पण तिथे मारलं का, ढकललं का, असं घडलेलं विचारतात. कसं वाटतं हे नाही विचारत. फरक तिथेच आहे.

रामबागचा शिरीष
मग घडलेलंच विचारा ना, वेळ विचारा. सरकारचा टाइम यूज सर्व्हे आहेच, 24 तासांत काय काय केलं ते अर्ध्या अर्ध्या तासाने लिहून घेतात. 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. 2024 मध्ये 289 आणि 88. मधल्या काळात घरोघरी गॅस आला, नळ आले, आणि बाईची सुटली किती तर दहा मिनिटं, तेवढीच जवळपास पुरुषाचीही सुटली. हे कुठल्याही श्रीमंतीच्या आकड्यात दिसत नाही. सोबत कोण होतं हेही त्यातच लिहून घ्या, काकूंचा प्रश्न सुटेल, भावना मोजायची भानगडच नको.

सुदामानगरवाली
शिरीषभाऊ, हे पटलं. पण एक अडचण राहतेच, एनएफएचएसचा आकडा जिल्ह्यापर्यंतच येतो, देपालपूरचं खेडं आणि विजयनगरचा फ्लॅट एकाच सरासरीत. वॉर्डाचं बघायला जावं तर शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011 ची, तेव्हा काकू पासष्टीच्या पुढच्या आणि काका होते. समाधानाचा प्रश्न मी सोडणार नाही, बाळांचा आकडा काढून टाका असं मी म्हटलंच नाही.

महूकर
काढायचं म्हटलं नाहीत, पण सर्वेक्षणातली बाई घरात थांबणार तासभर, समोरच्या आईच्या मांडीवर पोर रडतंय, चूल पेटायची आहे. प्रत्येक नवा प्रश्न त्या तासातूनच जाणार. एनएफएचएस-5 मध्ये राज्यातली पाचाखालची 35.7 टक्के मुलं खुजी निघाली, त्याआधी 42 होती, हे त्याच तासात मोजलेलं आहे. त्यातली मिनिटं मी समाधानाला देणार नाही. वेळेचा वेगळा सर्व्हे आहे, तिथे घाला, माझी ना नाही.

फिल्डवरची
तासभर कुठला, भाऊ. मोठा फॉर्म असला की दुपार जाते.