धारपांनंतर काय वाचायचं? कन्नडचं कपाट उघडा

'नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून संपले की मराठी वाचकाला भयकथेसाठी थेट इंग्रजीकडेच जावं लागतं,' असं कुणीतरी म्हटलंय. धारपांची जागा कुणी भरली नाही, हे मान्य. पण आपण बेळगाव-खानापूर-निपाणीकडची माणसं, आपल्याला इंग्रजीआधी कन्नड आहे की! मी सध्या 'तुळसीदळ' वाचतोय. मूळ तेलुगू, लेखक यंडमूरी वीरेंद्रनाथ. शेजारच्या अक्कांनी त्यांच्याकडचं कन्नड पुस्तक दिलं. पानं पिवळी पडलीत, कडा कुरतडलेल्या. एका लहान मुलीवर करणी केली जाते आणि घरातली शिकलेली माणसं ते मानायचं की नाही यातच अडकतात. मला खरी भीती तिथे वाटली. हे मंत्रतंत्रामुळे चाललंय की आजारामुळे, हेच कळेना. यावर 1985 साली कन्नड सिनेमाही आला होता.

माझं कन्नड बोलण्यापुरतं बरं, वाचायला मात्र हळू. पण त्याचा फायदाच झाला बघा. एकेक अक्षर लावत वाचलं की पुढच्या ओळीत काय येणार याची धास्ती जास्त वेळ टिकते. परवा रात्री पाऊस, त्यात लाईट गेलेली. मेणबत्तीवर दोन पानं जेमतेम झाली आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसलो. भानामतीच्या गोष्टी आजीकडून ऐकत वाढलेल्यांनी तर हे वाचाच. कुणाकडे त्याच लेखकाचं आणखी एखादं पुस्तक कन्नडमध्ये असेल तर सांगा, पुढचं तेच घ्यायचंय.