टांझानियाला निघालेल्या भाचीबद्दल

भाची बी.एड. झाल्यावर सहा महिने टांझानियातल्या खेड्यात शिकवायला जातेय, पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. वर कुणीतरी "भोरला काय शाळा नाहीत का?" म्हणालंय. पुणेकर आहोत, हे यायचंच!

खुशाल पाठवा, पण शाळा प्राथमिक की माध्यमिक ते आधी विचारा. तिथे सरकारी शाळांत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी. मी इरिंगाकडच्या एका गावात माध्यमिकच्या पहिल्या वर्गाला गणित शिकवायचे. पोरांना गणित यायचं, प्रश्नच कळायचा नाही. आपल्याकडे सेमीत गेलेल्या पोरांचं होतं तसंच, पण दसपट. शेवटी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे माझी मोडकी स्वाहिली. ती दुरुस्त करायला अख्खा वर्ग हात वर करायचा.

भाषेला घाबरू नका म्हणावं. चहा म्हणजे चाय, पुस्तक म्हणजे किताबु, गाडी म्हणजे गारी. मोठ्यांना "शिकामो" म्हणायचं, त्यांनी "मराहाबा" म्हणायचं. पोरं मला शिकामो म्हणायची तेव्हा तेविसाव्या वर्षी म्हातारी झाल्यासारखं वाटायचं.

पाठवणारी संस्था जी फी घेते, तिचा हिशेब मात्र लेखी मागा. माझ्या फीमधून शाळेला खडूचा खोकासुद्धा मिळाला नव्हता. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. आपल्या हिशेबानं जूनमध्ये पाठवाल तर पोरगी सुट्टीत जाऊन बसेल.