नववीला मूळ रंग कोणते सांगायचे?

प्रश्न (कलाशिक्षक, विटा)
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत रंगचक्र घेताना फळ्यावर लिहिलं: मूळ रंग लाल, पिवळा, निळा. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, विज्ञानाच्या मॅडमनी लाल, हिरवा, निळा सांगितलेत. आणि प्रिंटरमध्ये तर सायन (हिरवट निळा), मजेंटा (गडद गुलाबी) असतं." मुलगी हुशार आहे, 'परीक्षेत हेच लिही' म्हणून तिला गप्प बसवणं मला पटत नाही. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइनच्या शाळेत कला आणि विज्ञान जोडून शिकवायचे ना? आपल्या शाळेत त्यातलं काय करता येईल?

उत्तर (निवृत्त कलाशिक्षिका, कराड)
सर, बाउहाउसपेक्षा त्याच्या पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. बाउहाउस 1933 मध्ये बंद पडलं. तिथले मोहोली-नॉज यांनी 1937 मध्ये शिकागोत 'न्यू बाउहाउस' काढलं आणि शिकवायला चार्ल्स मॉरिस या तत्त्वज्ञालाही घेतलं. डिझाइनच्या शाळेत तत्त्वज्ञ! मला याचं फार अप्रूप वाटतं. मॉरिस यांच्या मते विज्ञानाची भाषा 'काय आहे' ते सांगते, कलेची भाषा मूल्याचा अनुभव देते आणि तंत्राची भाषा 'कसं करायचं' ते सांगते. तिन्ही लागतात, एकीने दुसरीला खोडायचं नाही. तुमच्या वर्गातल्या मुलीने या तिन्ही भाषा एका दमात विचारल्यात. प्रकाश विज्ञानाचा, प्रिंटर तंत्राचा, रंगपेटी आपली.

उत्तर (विज्ञान शिक्षक, सांगली)
प्रिंटरचं उत्तर सोपं आहे. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मजेंटा हिरवा, पिवळी निळा. म्हणजे मॅडमचेच तीन रंग, उलट बाजूने. तीन टॉर्चवर लाल, हिरवा, निळा जिलेटीन पेपर लावा आणि अंधारात पांढऱ्या भिंतीवर प्रकाश टाका. लाल-हिरवा एकत्र पडला की पिवळा दिसतो. मुलांचा यावर आधी विश्वासच बसत नाही.

कलाशिक्षक, विटा
मॅडम तयार आहेत, शनिवारी दोन तास जोडून घेतो. चित्रकलेच्या बाजूने काय घेऊ?

निवृत्त कलाशिक्षिका, कराड
बाउहाउसमध्येच शिकवणारे चित्रकार जोसेफ अल्बर्स यांचा खेळ घ्या. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे, एक काळ्यावर, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो. मोजलं तर दोन्ही सारखेच, डोळ्याला मात्र वेगळे. टॉर्चच्या आधी हेच करा आणि नियम शेवटी सांगा. अल्बर्सही आधी करून बघायला लावायचे.