‘ईव्ह्जड्रॉपर’ म्हणजे नेमका कोण? मराठीत काय लिहावं?

शब्दवेडी_दादर: इंग्लंडमधल्या जुन्या खटल्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे. त्यात हा शब्द सारखा येतो. ‘हेर’ लिहिलं की अर्थ भलतीकडे जातो. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात छताखाली कोरलेल्या चेहऱ्यांवरून तो आला, असं वाचलं. खरं आहे का?

कौलारू: नाही. ते चेहरे आहेत तो आठव्या हेन्रीचा मोठा दिवाणखाना १५३२ ते १५३५ मध्ये बांधला आणि शब्द पंधराव्या शतकातच कागदोपत्री सापडतो. मूळ आहे पावसाच्या पाण्यात. ‘ईव्ह्ज’ म्हणजे वळचण आणि पागोळ्या पडतात ती घराभोवतीची पट्टी म्हणजे ‘ईव्ह्जड्रॉप’. कोकणातल्या कौलारू घराच्या मातीच्या अंगणात पाऊस थांबल्यावर भिंतीपासून थोड्या अंतरावर खळग्यांची सरळ रेघ उमटलेली असते ना, तीच ती जागा. हे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ नये म्हणून मधे दोन फूट जागा सोडायची रीत इ. स. ८६८च्या केंटमधल्या एका सनदेत नोंदलेली आहे. त्या पट्टीत, भिंतीला लागून उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा तो ईव्ह्जड्रॉपर. क्रियापद मागाहून, या नामावरून झालं.

आपल्याकडेही कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथात, वास्तूच्या प्रकरणात, शेजारशेजारच्या छपरांच्या कडांमध्ये चार अंगुळं अंतर ठेवा किंवा एकीवर दुसरी चढवा, असं सांगितलंय. पागोळ्यांवरून शेजाऱ्यांची भांडणं सगळीकडचीच!

जुने_कायदे: खटल्यांचा लेख असेल तर एक गोष्ट सांभाळा. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने इंग्लंडच्या कायद्यांवरच्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात (१७६९) केलेल्या व्याख्येत दोन भाग आहेत: भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीखाली उभं राहून ऐकणं आणि त्यावरून बदनामीच्या कंड्या पिकवणं. ‘चोरून ऐकणारा’ म्हटलं तर दुसरा भाग गळतो आणि शिक्षा कशाबद्दल ते वाचकाला कळत नाही. शिक्षाही कैदेची नव्हे; चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन द्यावा लागे. हा गुन्हा इंग्लंडने १९६७ मध्ये रद्द केला.

प्रूफवाचक_गिरगाव: ‘वळचणीचा’ असं काही घडवू नका. ‘वळचणीला जाणं’ म्हणजे आज दुसऱ्याच्या आश्रयाला जाणं. रोजच्या राजकीय बातम्यांनी तो अर्थ पक्का केलाय. ‘कानोसा घेणं’ही पुरत नाही, कारण त्यात चोरी नसते, दार उघडण्याआधी माणूस बाहेरचा कानोसा घेतोच. ‘हेरणं’ तर डोळ्यांचं काम. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘भिंतीला कान लावून चहाड्या करणारा’ असं पुरतं लिहा, पुढे नुसतं ‘चोरून ऐकणारा’ चालेल.

शब्दवेडी_दादर: आणि त्याच लेखात फोनवरचं बोलणं ऐकण्याचा उल्लेख आहे, तिथे?

प्रूफवाचक_गिरगाव: तिथे सरळ ‘फोन टॅपिंग’. फोनला कसली भिंत आणि कसली वळचण?