‘तोच’ की ‘तसाच’? पर्सनल आयडेंटिटीला मराठी शब्द

टाचण: तत्त्वज्ञानाच्या मजकुरात ‘पर्सनल आयडेंटिटी’ला नेमका शब्द कोणता? ‘अस्मिता’ आणि ‘ओळख’ दोन्ही सर्रास दिसतात.

कोशकिडा: दोन्ही चकवतात. योगसूत्रात (२.६) अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक, म्हणजे पाहणारा आणि पाहण्याचं साधन यांची गल्लत. आजच्या मराठीत ती दुखावते, नाहीतर जागी होते. ओळख पटवायला आधार कार्ड पुरतं. इथला प्रश्न वेगळा: काल झोपलेला आणि आज उठलेला माणूस तोच कशावरून? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या निबंधाच्या १६९४च्या आवृत्तीत जाणिवेचा निकष धरला. राजपुत्राची जाणीव आठवणींसकट मोच्याच्या देहात गेली, तर ती व्यक्ती राजपुत्रच. म्हणून ‘व्यक्ती-अभेद’, सैलसर लिहायचं तर ‘तेच-पण’.

हलंत: ‘तादात्म्य’ का नको? न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या तर्कपरंपरेत, चालतो की.

पंचावयव: तिथे चालतो, पण मराठी प्रेक्षक नाटकातल्या पात्राशी तादात्म्य पावतो. वापरायचाच तर पहिल्याच वेळी खुलासा हवा.
खरी मेख ‘च’मध्ये आहे. दुकानात काचेतला मोबाइल दाखवून ‘हाच द्या’ म्हटलं की दुकानदार आतून सीलबंद खोका आणतो, गिऱ्हाईक खूश. दुरुस्तीला टाकलेल्या मोबाइलऐवजी तसलाच दुसरा हातात ठेवला तर मात्र भांडण. पहिला ‘हाच’ नमुन्याचा, दुसरा वस्तूचा. भाषांतरात पहिल्यासाठी ‘हुबेहूब तसाच’ लिहा, ‘तोच’ दुसऱ्यासाठी राखून ठेवा.
ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिटच्या १९८४च्या पुस्तकातलं काल्पनिक दूरप्रेषण यंत्र घ्या. पृथ्वीवर पेशीन्‌पेशी नोंदवून देह नष्ट, मंगळावर नव्या द्रव्यातून तसाच उभा. ‘तो मंगळावर पोचला’ लिहिलंत की वादाचा निकाल क्रियापदानेच लावला. ‘मंगळावर एक माणूस उभा राहिला’ लिहा. आता मूळ देह शाबूत राहिला तर? दोघांनाही ‘तोच’ म्हटलं की ते दोघे मिळून एकच माणूस ठरतात, आणि एक पृथ्वीवर चहा पितोय, दुसरा मंगळावर. पारफिटच्या मते महत्त्व अभेदाला नाही, मानसिक सातत्याला, म्हणजे आठवणी, हेतू, स्वभाव पुढे चालू राहण्याला आहे. ‘सातत्य’ आणि ‘अभेद’ एकमेकांच्या जागी वापरले, तर त्याचं म्हणणंच पुसलं जातं.

टाचण: आणि ‘डुप्लिकेट’?

कोशकिडा: नको, मराठीत डुप्लिकेट म्हणजे बनावट माल. ‘नक्कल’, ‘प्रत’ म्हटलं की मूळ कोण ते आधीच ठरतं. ‘प्रतिरूप’ बरा, आणि तो दोघांनाही लावता येतो. एकाचे दोन होण्याला ‘द्विभाजन’. ‘दुभंग’ म्हटलं की वाचक थेट मनोविकाराकडे वळतो.

हलंत: ‘शेअर्ड कॉन्शसनेस’ला ‘सामूहिक जाणीव’ असं एकाने सुचवलंय.

पंचावयव: चूक. सामूहिक म्हणजे प्रत्येकाची आपापली, रोख एकीकडे. ‘सामाईक’ लिहा, सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीसारखं: विहीर एक, हिस्सेदार दोन. योगसूत्रातला (४.४–५) योगी अनेक चित्तं निर्माण करतो आणि त्यांना चालवणारं चित्त एकच, तो प्रकार आणखी निराळा. तिथे सगळ्यांचा मालक एक.

कोशकिडा: एक पुरवणी. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापलेल्या रुग्णांबद्दल तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७१मध्ये मांडलं की त्यांच्या मनांना कुठलीच पूर्ण संख्या नीट लागू पडत नाही. अशा ठिकाणी ‘जाणीव’ लिहिली की ‘एक जाणीव की दोन जाणिवा’ हे व्याकरणच विचारतं. ‘भान’ वापरा. ‘भाने’ कोणी म्हणत नाही.